मधोमध आलेली सरासरी: मिश्र पद्धतीने शिकलेल्या एका तुकडीचं प्रकरण

सत्राच्या सातव्या आठवड्यात विद्यार्थ्यांचे अभिप्राय हाती आले तेव्हा मी आधी सरासरी पाहिली. सगळेच तेच करतात. ‘या पद्धतीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला एक ते पाच अशी पट्टी होती आणि माझ्या तुकडीची सरासरी त्या पट्टीच्या मधोमध येऊन बसली होती. शेजारच्या तुकडीची चांगलीच वर होती. विषय तोच, व्हिडिओ तेच, क्विझ तीच, परीक्षाही तीच. शिक्षिका तेवढ्या दोन.

विषय होता प्राथमिक संख्याशास्त्र. वर्गात दुसऱ्या वर्षाची, सामाजिक शास्त्रं घेतलेली मुलं-मुली. गणित एकदाचं सुटलं म्हणून ज्यांनी ही शाखा धरली, त्यांच्या पुढ्यात पुन्हा आकडे. पूर्वी आठवड्याला चार तास वर्गात व्हायचे. नव्या मांडणीत वर्गातले दोन तास राहिले आणि बाकीच्या दोन तासांच्या जागी ऑनलाइन काम आलं: मी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, त्यांवर छोटी क्विझ, आणि चर्चाफलकावर दर आठवड्याला स्वतःची एक नोंद व इतरांच्या नोंदींना दोन उत्तरं. सगळं मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीवर. सांगायचं काम व्हिडिओ करतील आणि वर्गात सोडवायचं, विचारायचं, वाद घालायचा, असं कागदावर ठरलं होतं.

पद्धत निवडताना आमच्याकडे आधार होता. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९९६ ते २००८ या काळातले हजाराहून जास्त अभ्यास चाळले होते, आणि त्यातल्या निकषांवर टिकलेल्या मोजक्या अभ्यासांतून मिश्र पद्धत निव्वळ प्रत्यक्ष वर्गापेक्षा सरस दिसली होती. विभागाच्या बैठकीत आम्ही तेवढंच सांगितलं. त्याच अहवालातला इशारा मात्र स्लाइडवर आला नाही: मिश्र गटांना बऱ्याचदा शिकायला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे फायद्याचं श्रेय माध्यमाला देता येत नाही. हा गाळलेला मुद्दा पुढे आमच्याच अंगाशी आला.

संशयित

सरासरी पाहिल्यावर पहिला संशय व्हिडिओंवर गेला. ते लांबलचक होते हे मला ठाऊक होतं, कारण वर्गातला पाऊण तासाचा तास मी जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर घेतला होता. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी त्यावर थांबण्याचा मध्यक काळ, म्हणजे सगळे काळ ओळीत लावले तर मधोमध येणारा, सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. माझे व्हिडिओ त्या मापात कुठेच बसत नव्हते. पण इथे एक अडचण होती. शेजारची तुकडीही तेच व्हिडिओ बघत होती. त्यांच्याही तक्रारी होत्या, ‘फार लांब’ असं तिथेही लिहिलेलं होतं, आणि तरीही ती तुकडी समाधानी होती. दोन्हीकडे सारखं असलेलं कारण दोघींतल्या फरकाचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या पाठात मी हेच शिकवते.

नेटवर्कचंही तसंच. दोन्ही तुकड्यांतली मुलं त्याच परिसरात राहणारी, तसेच फोन वापरणारी. ‘आमच्या मुलांना स्वतःहून अभ्यासाची सवयच नाही’ हे स्टाफरूममधलं लाडकं वाक्यही बाद झालं, कारण तुकड्या आडनावांच्या अक्षरक्रमाने पाडल्या होत्या. शिस्तीची आडनावं एकीकडे आणि बेशिस्तीची दुसरीकडे गेली असतील, असं कोण म्हणेल? माझी सहकारी विद्यार्थ्यांची जास्त लाडकी आहे म्हणावं तर तेही नाही. ती माझ्याहून कडक आहे. उशिरा आलेलं काम ती घेत नाही, मी घेते.

मग मी करायला हवं होतं ते पहिल्यांदा केलं. सरासरी बाजूला ठेवून एकेका आकड्यावर किती खुणा पडल्या ते मोजलं.

मधोमध जवळजवळ कोणीच नव्हतं. एक ढीग वरच्या टोकाला, एक खालच्या टोकाला, मध्ये मोकळं मैदान. निम्म्यांनी पाच दिले आणि निम्म्यांनी एक दिला तरी सरासरी तीन येते, सगळ्यांनी मिळून तीन दिले तरी तीनच. पहिल्या वर्गात दोन वर्ग बसलेले असतात, दुसऱ्यात एकच. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. स्वतःच्या अभिप्रायांच्या बाबतीत आठवलं मात्र दोन दिवसांनी.

दोन चिठ्ठ्या

प्रश्नावलीच्या शेवटी मोकळी जागा होती. बहुतेक जण ती कोरीच सोडतात. ज्यांनी लिहिलं त्यांतली दोन उत्तरं मी शेजारी शेजारी ठेवली. निनावी होती, पण एक नक्कीच वरच्या ढिगातलं होतं आणि दुसरं खालच्या.

पहिलं: ‘मॅडम सगळं वर्गात पुन्हा समजावतात, त्यामुळे व्हिडिओ राहिला तरी काही बिघडत नाही. खूप छान पद्धत.’

दुसरं: ‘जे व्हिडिओत तेच वर्गात. मग रात्री जागून मी बघितला कशाला?’

दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. एकाच्या समाधानाचं आणि दुसऱ्याच्या चिडीचं कारण एकच होतं, आणि ते कारण म्हणजे मी. वर्गात आल्यावर मी विचारायचे, ‘व्हिडिओ बघितला ना?’ पाच-सहा मुंड्या हलायच्या. उरलेले वहीत बघायचे. त्यांचे चेहरे पाहून मला राहवायचं नाही. ‘बरं, थोडक्यात सांगते’ म्हणून सुरुवात व्हायची आणि ते थोडक्यात तास संपेपर्यंत चालायचं. ज्यांनी बघितला नव्हता त्यांची सोय व्हायची आणि ज्यांनी बघितला होता त्यांना शिक्षा व्हायची. पुढच्या आठवड्यात त्यातले आणखी दोघं-तिघं शहाणे व्हायचे.

मूडलच्या नोंदींत हे शहाणपण दिसत होतं. माझ्या तुकडीचे व्हिडिओ आठवड्यागणिक कमी उघडले जात होते आणि फक्त चाचणीच्या आदल्या दिवशी एकदम उसळी. शेजारच्या तुकडीचा आलेख करवतीच्या दातांसारखा होता, दर आठवड्याला वर्गाच्या आदल्या रात्री एक टोक. या नोंदींवर फार भार टाकू नये, व्हिडिओ लावून माणूस झोपूही शकतो. पण झोपणारे दोन्ही तुकड्यांत असणारच.

समाधान म्हणजे नेमकं काय, यावर ग्राहकांच्या अभ्यासात जुनी मांडणी आहे. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली ती नीट केली: माणूस मिळालेल्या गोष्टीचं मोल परस्पर करत नाही, ती मनातल्या अपेक्षेशी ताडून पाहतो. अपेक्षेहून बरं निघालं तर समाधान, उणं पडलं तर नाराजी. माझ्या तुकडीत अपेक्षा दोन प्रकारच्या होत्या. काहींनी सत्राच्या सुरुवातीला मी जे सांगितलं ते खरं मानलं होतं, की वर्गात नवीन काहीतरी घडेल. काहींनी ते कधी मानलंच नव्हतं. नाराज झाले ते पहिले. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवणारे.

शेजारच्या वर्गात

मी सहकारीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. ती आली, हजेरीही घेतली नाही, फळ्यावर पाच आकडे लिहिले: १०, १२, १५, १८, ९५. घरून विद्यापीठात पोचायला पाच जणांना लागणारी मिनिटं. आदल्या रात्रीच्या क्विझमधला हा तिसरा प्रश्न होता, ‘इथून यायला साधारण किती वेळ लागतो हे सांगायला कोणता आकडा वापराल?’ बहुतेकांनी सरासरी लिहिली होती, ३० मिनिटं. त्या पाचांतल्या एकालाही तीस मिनिटं लागत नव्हती, तिसाच्या आसपासही कोणी नव्हतं.

‘तीस म्हणणाऱ्यांनी शेजाऱ्याला पटवा,’ एवढं म्हणून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. वर्गात गलका. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाने व्हिडिओ बघितला नव्हता हे उघड होतं, मध्यक हा शब्दच त्याला नवा होता. शेजारची मुलगी वैतागून म्हणाली, ‘बाराव्या मिनिटाला आहे, घरी जाऊन बघ. आत्ता एवढंच, ओळीत लावून मधला घ्यायचा.’ पंधरा मिनिटं. मुलगा आकड्यांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘मग पंचाण्णववाल्याचं काय?’ यापेक्षा चांगला प्रश्न त्या तासाला दुसऱ्या कोणी विचारला नाही. पुढची वीस मिनिटं त्यावरच गेली.

तास संपल्यावर मी तिला विचारलं, ‘तू व्हिडिओतलं काहीच सांगत नाहीस?’

‘मी व्हिडिओ शिकवत नाही. व्हिडिओ बघून जे चुकलं ते शिकवते. सकाळी क्विझची उत्तरं बघते आणि तिथून सुरुवात करते. तू बघतेस ना?’

मी बघत नव्हते. क्विझ मूडल स्वतःच तपासतो, गुण वहीत टाकतो, म्हणून मी तिकडे फिरकायचे नाही. आम्हा दोघींच्या तुकड्यांतला मुख्य फरक या एका क्लिकचा होता. तिच्याकडे ऑनलाइन काम वर्गात येऊन पोचत होतं. माझ्याकडे ते गुणपत्रकात जाऊन संपत होतं. ऑनलाइनचं कापड धड होतं, वर्गाचंही होतं, पण मधली शिवण उसवलेली. आणि आमच्या प्रश्नावलीत ‘ऑनलाइन भाग कसा वाटला’ आणि ‘प्रत्यक्ष वर्ग कसा वाटला’ असे दोन वेगळे प्रश्न होते. शिवणीबद्दल एकही नव्हता.

दूरशिक्षणाच्या अभ्यासात मायकेल मूर यांनी मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतं, ते संवाद किती आणि रचना किती ताठ यावर ठरतं. म्हणजे एकाच खोलीत बसूनही अंतर राहू शकतं. मी फळ्यापाशी होते, मुलं समोर होती, आणि त्यांनी रात्री काय चुकवलं याचा मला पत्ता नव्हता.

दीड अभ्यासक्रम

फरकाचं आणखी एक कारण होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कोणत्या कारणाचा वाटा किती हे या प्रकरणातून सुटं करता येत नाही.

चर्चाफलक तिने तिसऱ्या आठवड्यातच ऐच्छिक करून टाकला होता. जुना गृहपाठही निम्म्यावर आणला होता. मी काहीच काढलं नव्हतं. चार तासांच्या काळातला गृहपाठ तसाच ठेवून त्यावर व्हिडिओ, त्यावर क्विझ, त्यावर फलकावरच्या नोंदी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मिश्र अभ्यासक्रमांच्या प्रकल्पातून २००२ च्या सुमारास या दुखण्याला नावही मिळालं आहे, ‘दीड अभ्यासक्रम’. शिक्षक जुन्यातलं काही सोडत नाही आणि नवं वर चढवतो. वेळापत्रकात दोन तास कमी दिसतात, त्यामुळे मुलांना वाटतं काम हलकं झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात उलटंच निघतं. अपेक्षा आणि अनुभव यांची टक्कर इथेही आहेच.

एका रविवारी मी आठवड्याचं सगळं ऑनलाइन काम विद्यार्थी म्हणून करायला बसले. अडीच तास गेले. मला उत्तरं माहीत होती, आणि व्हिडिओत बोलणारीही मीच होते. गृहपाठाला तर अजून हातही लागला नव्हता. फलकावर दोन उत्तरं लिहायची वेळ आली तेव्हा मी ‘छान मुद्दा, मीही सहमत आहे’ असं लिहून मोकळी झाले आणि मग वर स्क्रोल करून पाहिलं. सगळ्यांनी तेच लिहिलेलं होतं.

बदल, आणि आधी घसरण

आठव्या आठवड्यापासून मी पुन्हा सांगणं बंद केलं. तासाची पहिली वीस मिनिटं क्विझमधल्या चुकांना दिली. गृहपाठ कापला, फलक ऐच्छिक केला. व्हिडिओंचे संकल्पनेनुसार तुकडे केले. यातला शेवटचा बदल दिसायला सगळ्यात मोठा, पण खरा किरकोळच. पाऊण तासाचे सात तुकडे केले म्हणजे पाऊण तास कमी होत नाही, शोधणं तेवढं सोपं होतं.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. वरच्या ढिगातली मुलं, जी ‘खूप छान पद्धत’ म्हणत होती, ती बिथरली. तास संपल्यावर एक मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, रागावू नका, पण तुम्ही शिकवायचंच सोडून दिलंत.’ मला ते लागलं. तिच्या क्विझमध्ये आधीपेक्षा बरी उत्तरं येत होती हे मला माहीत होतं, पण तिला तसं वाटत नव्हतं.

हे काही तिच्यापुरतं नाही. हार्वर्डमधल्या प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला सफाईदार व्याख्यान मिळालं, दुसऱ्याला त्याच मजकुरावर स्वतः झगडून सोडवायचा तास. झगडणाऱ्यांना चाचणीत जास्त आलं आणि त्यांनी सांगितलं की आपण कमी शिकलो. ओघवतं व्याख्यान ऐकताना आपल्याला कळतंय असं वाटतं, आणि अडखळताना आपण मागे पडतोय असं. बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं तेव्हाही विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि त्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत म्हणावा असा संबंध सापडला नाही. अभिप्राय गोळा करणाऱ्या प्रत्येक विभागाने हे वाचायला हवं. अभिप्राय फेकून द्यावेत असं माझं म्हणणं नाही. समाधानाच्या आकड्यावरून मुलांना काय आलं हे सांगता येत नाही. पण मुलं अभ्यासक्रमात टिकतील का, उद्या व्हिडिओ उघडतील का, याचा अंदाज त्यावरून येतो, आणि व्हिडिओ उघडलाच नाही तर पुढचं सगळं तिथेच खुंटतं.

मी त्या मुलीला हार्वर्डचं काही सांगितलं नाही. पुढच्या तासाला वर्गालाच सांगितलं की आपण असं का करतोय, सुरुवातीला कठीण का वाटेल, आणि मी पुन्हा का सांगणार नाही. हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. सांगितलं असेनही, पण तेव्हा मी स्वतःच ते मोडत होते.

सत्राअखेरीस समाधानाचा आकडा वर सरकला, शेजारच्या तुकडीइतका नाही. महत्त्वाचं म्हणजे दोन ढीग राहिले नाहीत, खुणा एका कुबडाभोवती जमल्या. परीक्षेच्या गुणांत मात्र दोन तुकड्यांमध्ये बोट ठेवावं असा फरक आधी नव्हता आणि नंतरही नव्हता.

खालच्या टोकाला एक-दोन खुणा उरल्या. त्यातली एक कोणाची ते मला माहीत आहे, कारण त्याने येऊन सांगितलं. तो संध्याकाळी नोकरी करायचा. घरात फोन एक, तो धाकट्या भावंडांमध्ये फिरायचा. वर्गात मी पुन्हा सांगायचे तोच त्याचा एकमेव तास होता आणि तो मी काढून घेतला होता. ‘आळशी’ म्हणून मी ज्यांना मनातल्या मनात एका खणात टाकलं होतं त्यात तोही होता. मग व्हिडिओंच्या कमी आकाराच्या प्रती आणि नुसता आवाज असलेल्या फायली ठेवल्या, क्विझ रात्री बंद न होता तासाच्या आधीपर्यंत उघडी राहील असं केलं, विभागातला एक संगणक दुपारी मोकळा ठेवला. त्याला थोडा उपयोग झाला, पण पूर्वी वर्गात नुसतं येऊन बसलं की भागायचं, तितकं सोपं ते पुन्हा झालं नाही. पद्धतीबद्दलची त्याची नाराजी रास्त होती आणि ती कोणत्याही सरासरीत दिसली नसती.

नवी प्रश्नावली

पुढच्या सत्रात आम्ही दोघींनी सातव्या आठवड्याची मोठी प्रश्नावली ठेवली, विभागाला ती लागतेच. पण दर आठवड्याला तासाच्या शेवटी एक चिठ्ठी सुरू केली, एकच प्रश्न: ‘या आठवड्यात ऑनलाइन केलेल्या कोणत्या कामाचा आज वर्गात उपयोग झाला? एक सांगा.’ पट्टी नाही, आकडा नाही. निनावी.

पहिले चार आठवडे बहुतेक चिठ्ठ्यांवर क्विझचा एखादा प्रश्न, नाहीतर व्हिडिओतलं एखादं उदाहरण असायचं. फलकाचं नाव एकानेही लिहिलं नाही, म्हणून तो बंद केला. पाचव्या आठवड्यात माझ्या तुकडीच्या चिठ्ठ्या उलगडल्या तर एकीमागून एक ‘कशाचाच नाही’. त्या दिवशी सकाळी बैठक लांबली होती, क्विझची उत्तरं बघायला वेळ मिळाला नव्हता, आणि वर्गात शिरल्यावर मी म्हणाले होते, ‘बरं, थोडक्यात सांगते.’